निधनवार्ता कशी लिहावी : सातारा-सांगलीच्या नव्या वार्ताहरांसाठी

जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर नवा उपसंपादक रुजू झाला किंवा तालुक्याला नवा वार्ताहर नेमला गेला, की पहिल्याच आठवड्यात त्याच्या वाट्याला निधनवार्ता येतात, कारण चार ओळींचा हा मजकूर कोणालाही जमेल असा वरिष्ठांचा समज असतो. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांच्या पानांवर मी अनेक वर्षे हे काम केले आहे आणि माझे मत नेमके उलट झाले आहे. अग्रलेखातली चूक फार तर दहा वाचकांच्या लक्षात येते. निधनवार्तेतली चूक सगळ्या भावकीच्या लक्षात येते, आणि ते कात्रण पुढची पंचवीस-तीस वर्षे घरातल्या महत्त्वाच्या कागदांबरोबर जपून ठेवले जाते.

नव्या माणसाला पडणारा पेच साधा दिसतो, पण रोज नव्याने पडतो. घरचे जे सांगतात ते सगळे खरे नसते, आणि जे खरे असते ते सगळे छापावे असे घरच्यांना वाटत नसते. अशा वेळी मी स्वतःपुरती एक रेघ आखून घेतली आहे. काय गाळावे, याबाबत कुटुंबाचे म्हणणे शक्यतो मानावे. खोटे काही घालावे, असे म्हणणे मात्र कोणाचेही मानू नये. गाळण्याच्या सवलतीलाही एक मर्यादा आहे आणि ती सार्वजनिक जीवनात वावरलेल्या माणसांच्या बाबतीत लागू होते. तिच्याविषयी पुढे लिहिले आहे.

मृत्यूची खात्री

मार्च १९७९ मध्ये जयप्रकाश नारायण मुंबईच्या जसलोक रुग्णालयात उपचार घेत असताना त्यांच्या निधनाची घोषणा थेट लोकसभेत झाली, आणि ती पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी केली. जयप्रकाशजी त्यानंतर ८ ऑक्टोबर १९७९ पर्यंत हयात होते. देशाच्या पंतप्रधानांपर्यंत पोचलेली बातमी चुकीची निघू शकते, तर मोबाईलवरच्या गावच्या ग्रुपमध्ये आलेल्या हार घातलेल्या फोटोवर विसंबून राहण्यात काय अर्थ आहे? तोच फोटो दहा ग्रुपांत दिसला, तरी तो बहुधा एकाच माणसाने टाकलेला असतो, त्यामुळे ती दहा ठिकाणची खात्री होत नाही.

खात्री दोन ठिकाणांहून करावी आणि ती दोन ठिकाणे एकमेकांवर अवलंबून नसावीत. एक घरचा किंवा भावकीतला जबाबदार माणूस, आणि दुसरा पोलिस पाटील, ग्रामपंचायतीचा कर्मचारी किंवा उपचार करणारे डॉक्टर. शहरात स्मशानभूमीतही चौकशी करता येते. साताऱ्यात संगम माहुली, सांगलीत अमरधाम, मिरजेत कृष्णा घाट. मृत्यूची नोंद कायद्याप्रमाणे २१ दिवसांच्या आत व्हावी लागते, त्यामुळे दाखला हाती येईपर्यंत थांबणे दैनिकाला शक्य नसते, हे खरे आहे. पण दोन फोन करणे रात्री अकरा वाजताही शक्य असते.

आपल्याकडे आणखी एक धोका आहे. एकाच आडनावाची पन्नास-साठ घरे असलेल्या गावात नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव तिन्ही सारखे असलेली दोन-तीन माणसे सहज सापडतात. अशा वेळी वस्ती, मळा किंवा गल्ली आणि गाव ज्या नावाने हाक मारते ते नाव लिहिल्याशिवाय बातमी पूर्ण होत नाही. ‘ऊर्फ तात्या’ किंवा ‘ऊर्फ आबा’ हे दोन शब्द अनौपचारिक म्हणून कापणारे उपसंपादक मी पाहिले आहेत. ते कापल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी जिवंत माणसाच्या दारात सांत्वनाला आलेली माणसे उभी राहतात.

घरी फोन करताना

ज्याच्या घरात मृत्यू झाला आहे त्या घरी पहिल्या दोन-तीन तासांत फोन करू नये, आणि पत्नीला किंवा आईला तर मुळीच करू नये. जाणत्या वार्ताहराला चुलतभाऊ, जावई, शेजारी किंवा संस्थेतला सहकारी ठाऊक असतो, आणि तो नसेल तर पोलिस पाटील योग्य माणसाचे नाव सांगतात. बोलण्याची सुरुवात प्रश्नाने करू नये. मी साधारण असे बोलतो : “अण्णा, वाईट बातमी कळली. मी दैनिकातून बोलतोय. उद्याच्या अंकात छापायचं आहे, तर नावं चुकू नयेत म्हणून फोन केला. आता जमणार नसेल, तर मी तासाभरानं करतो.” बहुतेक माणसे लगेच बोलतात, कारण नावे चुकू नयेत ही त्यांचीही इच्छा असते.

पूर्ण मजकूर कोणालाही मंजुरीसाठी पाठवू नये. एकदा पाठवला की पाच नातेवाईक पाच दुरुस्त्या सुचवतात आणि अंक निघून जातो. मात्र नावे, वय, गाव, नाती आणि विधीची वेळ फोनवर मोठ्याने वाचून दाखवावी. ‘रक्षाविसर्जन रविवारी सकाळी ९ वाजता’ हे वाचताना रविवार कोणत्या तारखेचा, तेही विचारावे. सांगलीकडे ‘रक्षाविसर्जन’ म्हणतात, साताऱ्याकडे बऱ्याच ठिकाणी ‘सावडणे’ म्हणतात. घरचे जो शब्द वापरतील तो ठेवावा. एकदा वार चुकल्यामुळे पाहुणे एक दिवस उशिरा नदीवर पोचल्याची तक्रार मी स्वतः ऐकून घेतली आहे, आणि त्या तक्रारीला माझ्याकडे काहीही उत्तर नव्हते.

वय, गाव आणि मोठेपण

वयापासून सुरुवात करू. सत्तरीपुढच्या अनेक माणसांची कागदोपत्री जन्मतारीख १ जून असते, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती तारीख लिहून टाकलेली असते. वर्षही अंदाजाने धरलेले असते. त्यामुळे आधार कार्डावरचे वय आणि घरचे सांगतात ते वय यांत दोन-चार वर्षांचा फरक पडला, तर कोणी खोटे बोलत आहे असे समजू नये. दोन वयांत एकवाक्यता होत नसेल, तर ‘सुमारे ८५ वर्षांचे’ असे लिहावे. नेमका आकडा लिहायचाच असेल, तर तो कागदावरचा असावा.

जन्मगावाच्या जिल्ह्यात नवे वार्ताहर हमखास फसतात. १९३५ साली वाळवा, तासगाव किंवा खानापूर तालुक्यात जन्मलेला माणूस सांगली जिल्ह्यात जन्मला नव्हता, कारण तेव्हा तो जिल्हाच नव्हता. हे तालुके सातारा जिल्ह्यात होते. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. सांगली, मिरज आणि जत ही तर संस्थाने होती, आणि आटपाडी औंध संस्थानात होती. म्हणून ‘सध्याच्या सांगली जिल्ह्यातील’ असे लिहिले की चूक टळते. कोयनेच्या खोऱ्यातल्या माणसाबद्दल मूळ गाव आणि पुनर्वसित गाव अशी दोन्ही नावे विचारावीत. धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावाचे नाव त्या घरातले लोक आजही आधी सांगतात, आणि ते छापले गेले तर त्यांना बरे वाटते.

आता एक उदाहरण जरा जवळून पाहू. २०२२ साली एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या निधनाचा मजकूर माझ्याकडे आला. पहिली ओळ अशी होती : ‘ज्येष्ठ स्वातंत्र्यसेनानी, शिक्षणमहर्षी, अजातशत्रू व्यक्तिमत्त्व यांचे वयाच्या ८४ व्या वर्षी अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले. त्यांनी प्रतिसरकारच्या चळवळीत हिरिरीने भाग घेतला होता.’ क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालील प्रतिसरकार १९४३ ते १९४६ या काळात चालले. २०२२ साली ८४ वर्षांचा असलेला माणूस १९४३ साली पाच वर्षांचा होता. शाळेच्या दाखल्यातली चूक गृहीत धरून तीन वर्षे वाढवली तरी आठ.

मी त्यांच्या मुलाला फोन केला. तुमचे वडील खोटे बोलत होते, असे सुचवणारा एकही शब्द मी उच्चारला नाही, एवढेच विचारले, “आबा त्या दिवसांबद्दल घरात काय सांगायचे?” मग कळले की चळवळीत होते ते आबांचे थोरले बंधू, आणि आबा आईने बांधून दिलेल्या भाकरी उसाच्या फडात लपलेल्या माणसांपर्यंत पोचवत. पोरगा हातात फडके घेऊन चालला आहे, म्हटल्यावर पोलिसही अडवत नसत. मुलाने स्वतःहून ‘स्वातंत्र्यसेनानी’ हा शब्द मागे घेतला. तो पतसंस्थेच्या कोणा संचालकाने घातला होता. छापलेली ओळ अशी झाली : ‘त्यांचे थोरले बंधू प्रतिसरकारच्या चळवळीत होते आणि लहानपणी आपण भूमिगतांना भाकरी पोचवल्याची आठवण ते सांगत, असे कुटुंबीयांनी सांगितले.’ खोटे विशेषण गेले आणि त्याच्या जागी त्या माणसाचे काहीतरी उरले. ‘असे कुटुंबीयांनी सांगितले’ हे तीन शब्द नव्या वार्ताहराने कायम जवळ ठेवावेत. जी गोष्ट तपासता येत नाही, पण अशक्यही नाही, ती सांगणाऱ्याच्या नावावर छापावी.

सैनिकांच्या बाबतीत, विशेषतः सातारा जिल्ह्यात, हीच काळजी घ्यावी लागते. ‘१९७१ च्या युद्धात लढले’ आणि ‘१९७१ साली सैन्यात होते’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. घरात डिस्चार्ज बुक असते. त्यात युनिट, हुद्दा आणि सेवेचा काळ लिहिलेला असतो, आणि ते दाखवायला घरच्यांना अभिमानच वाटतो. रजेवर आला असताना आजाराने गेलेल्या जवानाला ‘शहीद’ लिहावे, असा आग्रह गावातून होतो. तेव्हा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून मृत्यूचे स्वरूप विचारून घ्यावे आणि ‘सेवेत असताना निधन’ असे स्वच्छ लिहावे. त्याने कोणाचाही मान कमी होत नाही.

मृत्यूचे कारण

कारण छापलेच पाहिजे असा कोणताही नियम नाही. ‘अल्पशा आजाराने’, ‘दीर्घ आजाराने’ आणि ‘वृद्धापकाळाने’ हे आपल्या वृत्तपत्रांचे ठरलेले शब्द आहेत आणि ते खरे असतील तेव्हा पुरेसे आहेत. रोगाचे नाव हा कुटुंबाचा विषय आहे. काही बाबतींत तर तो कायद्याचाही विषय आहे. एचआयव्हीबाधित व्यक्तीच्या माहितीची गोपनीयता आणि मानसिक आरोग्य संस्थेत उपचार घेणाऱ्या व्यक्तीची माहिती प्रसिद्ध करण्यावरचे निर्बंध, या दोन्हींबद्दल २०१७ साली स्वतंत्र कायदे झाले आहेत. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेचा मृत्यू झाला असला, तरी तिची ओळख उघड करता येत नाही. तेथे नाव घालण्यास कुटुंबाची हरकत नसली, तरी वार्ताहराने परस्पर नाव छापू नये.

सर्वांत अवघड प्रसंग आत्महत्येचा असतो. घरचे म्हणतात, हृदयविकाराचा झटका लिहा. त्यांचे दुःख आणि समाजाची भीती मला समजते, पण ते लिहू नये. ‘निधन झाले’ एवढेच लिहून थांबावे. हे मी स्वतः चूक करून शिकलो आहे. उमेदवारीच्या काळात एका तरुण शेतकऱ्याच्या निधनवार्तेत मी घरच्यांच्या सांगण्यावरून ‘हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने’ असे लिहिले, आणि त्याच अंकाच्या आतल्या पानावर, पोलिस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद झाल्याची दुसऱ्या वार्ताहराने दिलेली बातमी त्याच नावाने, नको तितक्या तपशिलाने प्रसिद्ध झाली. गावात दोन्ही पाने शेजारी ठेवून वाचली गेली. झाकण्यासाठी लिहिलेल्या ओळीनेच सगळ्यांचे लक्ष वेधले. मी कारण लिहिलेच नसते, तर एवढी चर्चा झाली नसती.

म्हणून निधनवार्ता पानात लावण्यापूर्वी ते नाव त्या दिवशीच्या पोलिस बातम्यांत आहे का, हे पाहावे. असेल तर ती बातमीही सांभाळून जाईल याची दक्षता घ्यावी. भारतीय वृत्तपत्र परिषदेने सप्टेंबर २०१९ मध्ये आत्महत्येच्या वृत्तांकनाबाबत मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली आहेत. अशी बातमी ठळक जागी लावू नये, पद्धतीचे वर्णन करू नये, ठिकाणाचा तपशील देऊ नये, मथळा सनसनाटी नसावा आणि छायाचित्र वापरू नये, असे ती सांगतात. मदतीचा दूरध्वनी द्यायचा असेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्या बातमीखाली द्यावा. निधनवार्तेखाली तो देऊ नये, कारण तेथे तो दिला की न लिहिलेले कारण सांगितल्यासारखेच होते.

सांगली जिल्ह्यातल्या वार्ताहराला जैन समाजातील सल्लेखनेची, म्हणजे अन्नपाण्याचा क्रमाने त्याग करून मरण स्वीकारण्याच्या व्रताची, माहिती हवी. तिला ‘उपासमारीने मृत्यू’ किंवा आत्महत्या म्हणणे अज्ञानाचे लक्षण आहे. राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये तिला आत्महत्या ठरवणारा निकाल दिला होता, पण त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. घरचे ‘समाधिमरण’ म्हणत असतील, तर तोच शब्द वापरावा. याच न्यायाने लिंगायत घरात ‘लिंगैक्य’, वारकऱ्यांत ‘वैकुंठवासी’, मुस्लिम घरात ‘दफनविधी’ आणि ‘जियारत’, बौद्ध घरात ‘जलदान विधी’ असे त्या त्या घरचे शब्द असतात. संगणकात जुना नमुना उघडायचा आणि नाव बदलायचे, अशी सवय असलेल्या डेस्कवरून दफनविधी झालेल्या माणसाचे ‘रक्षाविसर्जन’ छापून गेलेले मी पाहिले आहे.

त्यांच्या पश्चात

‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार आहे.’ हे वाक्य हात न थांबता टंकलिखित होते आणि सर्वांत जास्त भांडणे याच वाक्यावरून होतात. आंतरजातीय विवाह केलेली मुलगी, विभक्त राहणारी पत्नी, पहिल्या पत्नीची मुले, घर सोडून गेलेला धाकटा, यांना वगळण्याची विनंती फोनवर अगदी सहज स्वरात केली जाते. पुढे वारसनोंदीचा वाद निघाला की हेच कात्रण कोणीतरी पुढे करतो. कात्रणाने कोणी वारस ठरत नाही. पण आपला मजकूर भांडणाच्या कागदांत जाऊन बसतो.

एकदा एका गावातून फोन आला. वडील गेले होते, थोरला मुलगा सांगत होता. मी विचारले, “बहिणी किती?” तो म्हणाला, “एक होती. पण तिचं घालू नका. आमच्या लेखी ती मेलीय.” मी घातले नाही आणि ‘पत्नी, दोन मुलगे असा परिवार आहे’ असे छापले. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. ती भांडली नाही. “साहेब, माझं नाव नसतं घातलं, तरी चाललं असतं,” ती म्हणाली, “पण तुम्ही मोजून लिहिलंत. त्या मोजणीत मी नाही.”

तेव्हापासून मी पुढीलप्रमाणे वागतो. नाव गाळायला सांगितले तर गाळतो, पण मग कोणाचेच नाव घेत नाही आणि आकडाही देत नाही. ‘पत्नी, मुले, मुली, नातवंडे असा परिवार आहे’ एवढे लिहितो. त्यात कोणी जाहीर होत नाही आणि कोणी नाकारलेही जात नाही. ‘आकडा हवाच’ असा हट्ट घरच्यांनी धरला, तर आकडा पूर्ण द्यावा लागेल, असे नम्रपणे सांगतो. दोन बाजूंनी दोन वेगळे मजकूर आले, तर दोन्ही बाजूंशी बोलेपर्यंत परिवाराची ओळच वगळतो. निधन, अंत्यसंस्कार आणि विधीची वेळ एवढ्यावरही बातमी उभी राहते. ज्याला आपल्या शब्दांत आणि हव्या त्या नावांनिशी मजकूर हवा असेल, त्याच्यासाठी पैसे भरून द्यायची जाहिरात असते. जाहिरात आणि बातमी यांतला फरक मात्र वाचकाला पानावर दिसला पाहिजे.

स्त्रियांच्या निधनवार्तांबद्दल मला थोडे अधिक सांगायचे आहे, कारण तेथे कोणी काही लपवत नसते आणि तरीही मजकूर अपुरा असतो. ‘सोसायटीच्या अध्यक्षांना मातृशोक’ असा मथळा असतो आणि गेलेल्या बाईंचे नाव तिसऱ्या ओळीत येते. ‘मनमिळाऊ स्वभावाच्या व धार्मिक वृत्तीच्या होत्या’ यापलीकडे काही नसते. नाव मथळ्यात घ्यावे. माहेरचे गाव विचारावे, कारण माहेरची माणसे त्यांना सासरच्या आडनावाने ओळखत नाहीत. आणि त्या काय काम करत होत्या, हे विचारावे. “काही नाही, घरीच असायच्या,” असे उत्तर येते. त्यावर न थांबता, “घरी म्हणजे काय करायच्या?” असा दुसरा प्रश्न केला, की तासगावकडच्या एखाद्या घरातून कळते, की त्या पंचवीस वर्षे बेदाण्याच्या शेडवर निवडीला जात होत्या आणि त्यांच्याच मजुरीवर सोसायटीचे अध्यक्ष शिकले. तिथपर्यंत पोचायला दोन मिनिटे पुरतात. ‘अहेवपणी मरण आले’, म्हणजे नवरा हयात असताना मरण आले, हे कौतुक म्हणून लिहिणे मी केव्हाच सोडले आहे. घरात त्याच वेळी मागे उरलेल्या विधवा जावा-नणंदा बसलेल्या असतात.

ज्यांचे काम सार्वजनिक होते

सामान्य माणसाच्या उणिवा निधनवार्तेत आणण्याचे काहीही कारण नाही. कोणी दारू पीत असे किंवा भावाशी बांधावरून भांडत असे, हे खरे असले, तरी बातमी नव्हे. पण ज्याने लोकांची मते घेतली, लोकांच्या ठेवी सांभाळल्या किंवा लोकांच्या उसाचा दर ठरवला, त्याच्याविषयी लिहिताना कुटुंब हे एकटेच संबंधित राहत नाही.

एका पतसंस्थेच्या संस्थापकांच्या निधनानंतर मी ज्या अंकावर काम करत होतो त्यात ‘सहकारातील दीपस्तंभ निमाला’ असा तीन कॉलमी मजकूर गेला. संस्था बुडालेली होती, तिच्यावर आधी प्रशासक आणि मग अवसायक (संस्था गुंडाळण्यासाठी नेमलेला अधिकारी) नेमला गेला होता, आणि याविषयी मजकुरात एक अक्षरही नव्हते. दुपारी एक वृद्ध गृहस्थ कार्यालयात आले. त्यांनी खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेली ठेव पावती काढून टेबलावर पसरली आणि शांतपणे विचारले, “हे त्यात का नाही?” पावती मुलीच्या लग्नासाठी ठेवलेल्या रकमेची होती. मला त्या गृहस्थांचा प्रश्न कुटुंबाच्या दुःखाइतकाच खरा वाटला.

असा मजकूर लिहिता येतो, आणि तो क्रूर असण्याची गरज नसते. संस्था केव्हा काढली, शाखा किती झाल्या, किती जणांना रोजगार मिळाला, हे लिहावे, आणि त्याच ओघात, त्याच सुरात, ‘त्यांच्या अध्यक्षपदाच्या काळातच संस्था आर्थिक अडचणीत आली, तिच्यावर प्रशासक नेमण्यात आला आणि अनेक ठेवीदारांच्या रकमा अद्याप परत मिळालेल्या नाहीत’ असे एक वाक्य लिहावे. ते मथळ्यात नको आणि शेवटच्या ओळीतही नको, कारण शेवटी ठेवले की ते टोमण्यासारखे वाचले जाते. ते कालक्रमात जेथे येते तेथे ठेवावे. कुटुंबातल्या जबाबदार व्यक्तीला, असे वाक्य मजकुरात असेल, याची आदल्या दिवशी कल्पना द्यावी. ही परवानगी मागणे नव्हे. सकाळी अंक उघडल्यावर धक्का बसू नये, एवढाच हेतू.

शब्द मात्र तोलून वापरावेत. गुन्हा दाखल होणे, दोषारोपपत्र दाखल होणे आणि न्यायालयाने दोषी ठरवणे या तीन वेगळ्या अवस्था आहेत. खटला चालू असताना आरोपीचा मृत्यू झाला, तर त्याच्यापुरता तो खटला निकालाविना संपतो. म्हणून अशा माणसाला ‘घोटाळेबाज’ लिहिता येत नाही, तसे ‘निर्दोष सुटले’ असेही लिहिता येत नाही. ‘खटला प्रलंबित असताना निधन झाले’ हेच खरे वाक्य आहे. मृताची बदनामी होत नाही, असा एक समज डेस्कवर असतो. तो चुकीचा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये, आणि त्यापूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ मध्येही, हे स्पष्ट केलेले आहे. व्यक्ती हयात असती तर तिच्या लौकिकाला बाध आणणारा असा आरोप कुटुंबीयांच्या किंवा निकटच्या नातेवाइकांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केला असेल, तर तो बदनामी ठरू शकतो. लोकहितासाठी केलेले सत्य विधान हा अपवाद आहे, पण त्यासाठी आदेशाची प्रत, तारीख आणि आकडा हाताशी असावा लागतो.

विशेषणांचे काय करावे? ‘महर्षी’, ‘सम्राट’, ‘भाग्यविधाते’ सरळ काढून टाकावेत आणि त्या जागी पद व काळ लिहावा. भाऊराव पाटलांच्या नावामागे लोकांनी ‘कर्मवीर’ लावले ते १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढून आयुष्यभर केलेल्या कामामुळे. त्याच जिल्ह्यात बसून दोन खोल्यांची इंग्रजी शाळा काढणाऱ्याला ‘शिक्षणमहर्षी’ लिहिताना बोटे अडखळली पाहिजेत. पद्म पुरस्कार हा किताब नव्हे आणि तो नावाला जोडून लिहू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या निकालात सांगितले आहे. म्हणून नावाआधी ‘पद्मश्री’ न लावता पुरस्कार आणि वर्ष वेगळ्या वाक्यात द्यावे.

छायाचित्र आणि नंतरचे काम

घरच्यांनी दिलेलेच छायाचित्र वापरावे. रुग्णालयातले, पार्थिवाचे किंवा रडणाऱ्या नातेवाइकांचे वापरू नये. वैयक्तिक दुःखाच्या क्षणी छायाचित्रणाने आक्रमण करू नये, असे वृत्तपत्र परिषदेचे आचारनियमही सांगतात. समाजमाध्यमावरून परस्पर उचललेल्या चित्रात शेजारी उभा असलेला माणूसच मृत म्हणून छापला जाण्याचा धोका असतो, आणि तसे घडलेही आहे.

चूक झाली तर दुसऱ्याच दिवशी, त्याच पानावर दुरुस्ती द्यावी. दुरुस्तीत चूक पुन्हा उगाळू नये. बरोबर माहिती पूर्ण वाक्यात लिहावी आणि दिलगिरी एका ओळीत व्यक्त करावी. आधी घरी फोन करून, दुरुस्ती हवी की बरोबर मजकूर पुन्हा छापायला हवा, हे विचारावे. अनेकांना दुसरा पर्याय हवा असतो, कारण त्यांना जपायला स्वच्छ कात्रण पाहिजे असते. जागा नाही, ही सबब अशा वेळी सांगू नये. ऑनलाइन आवृत्तीतला मजकूरही त्याच दिवशी बदलून, बदल केल्याची नोंद खाली ठेवावी.

कुटुंबाच्या विनंतीवरून काय गाळले आणि कोणी सांगितले, याची तारखेसह एक ओळ आपल्या वहीत लिहून ठेवावी. पाच वर्षांनी प्रथम मुलगा आणि मग मुलगी दारात येतात, तेव्हा आठवणीवर भागत नाही. आणि खेडेगावात आजही पुष्कळदा भिंतीवरच्या चौकटीतून काढलेला एकमेव फोटो वार्ताहराच्या हातात दिला जातो. तो मोबाईलवर टिपून घेऊन तेथल्या तेथे परत करावा. कार्यालयात आणावाच लागला, तर मागे नाव आणि गाव पेन्सिलीने लिहावे, आणि तो दहाव्याच्या आत घरी पोचता करावा, कारण त्या दिवशी पाटावर ठेवायला त्यांना तोच लागतो.